सेरहच्या वाट्याचं

तिर्साने कोकराला कवेत घट्ट आवळलं आणि गर्दीत खांदा घुसवला. पुढे इम्ना भावोजी, मागे त्याची बायको शुआ, आणि अवतीभवती उभं यरुशलेम. कोणी झांजा बडवत होतं, कोणी गात होतं, तर कोणी नुसतंच रडत होतं आणि रडण्याची लाजही वाटून घेत नव्हतं. परक्या देवांच्या वेद्या लोकांनी कोपऱ्याकोपऱ्यावरून उखडून किद्रोनच्या ओढ्यात लोटल्या होत्या. त्या पडल्याचा धुरळा तीन दिवस खाली बसला नव्हता म्हणे. तिर्साच्या तोंडात धूळ होती, पायाला फोड होते, आणि तरीही तिला एका जागी उभं राहवत नव्हतं. कोकराचं काळीज तिच्या छातीशी धडधडत होतं. की ते तिचंच होतं, कोण जाणे.

आशेरच्या डोंगरातल्या त्यांच्या गावात, मिसरच्या गुलामीतून सुटल्याचा वल्हांडण सण पाळायला यरुशलेमात या, असा सांगावा घेऊन राजाचा जासूद आला तेव्हा अख्खं गाव फिदीफिदी हसलं होतं. "जा, जा, राजा तुमच्यासाठी पायघड्या घालून बसलाय!" अश्शूरी फौजेने तरणीताठी माणसं ओढून नेली, त्यात तिर्साचा नवराही गेला. मागे उरलेल्यांना देवाधर्मापेक्षा हसणंच स्वस्त पडत होतं. एकटी सेरह, तिर्साची सासू, काठी टेकत उठली होती.

"हसा मेल्यांनो," ती म्हणाली. "माझ्या आजीने यरुशलेमातला वल्हांडण नुसता ऐकला, आईनेही ऐकलाच. मी खाणार आहे. दात नाहीत, म्हणून कोकराच्या गालाचं मऊ मांस माझं. आत्ताच सांगून ठेवते."

तिच्या मागून दहा जण निघाले. सेरह धरून अकरा.

"सण खरा पहिल्या महिन्यातला," रांगेत इम्ना मागे वळून म्हणाला. कालपासून तो हाच विनोद भेटेल त्याला ऐकवत होता. "पण इथल्या याजकांची आणि लेव्यांची शुद्धीची अंघोळच आटपेना! सगळ्या देशाला महिनाभर ताटकळत ठेवलं!"

आजूबाजूचे खदखदून हसले. शुआने त्याला कोपर मारलं. मग ती तिर्साच्या कानाशी आली.

"मंदिराच्या फाटकावर विचारतात. तू नुसतं 'शुद्ध' म्हण. इथे कोण बघायला येतंय?"

परवा शखेमच्या खाली, वाटेतल्या विहिरीपाशी सेरह गेली. प्रेताला शिवलं की सात दिवस विटाळ, आणि विटाळ असला की वल्हांडण नाही. म्हणून तिर्साने बाकीच्या सगळ्यांना पार वळणापलीकडे पिटाळलं आणि एकटीने सगळं केलं. खड्डा खणला, सासूला आत ठेवलं, वरचे धोंडेही तिनेच रचले. जाता जाता म्हातारी एवढंच म्हणाली होती, "माझा घास तू खा."

आता खोटं बोलावं तर देवाच्या दारात, आणि खरं बोलावं तर घास गेला. आणि पाय तर नाचायला बघत होते! तिला स्वतःचा रागही आला आणि हसूही आलं.

फाटकाशी पन्नाशीचा एक लेवी, मंदिराचा सेवेकरी, उभा होता. त्याचे हात कोपरापर्यंत रक्ताने माखले होते आणि आवाज पार बसला होता. शल्लूम, शल्लूम म्हणून आतून त्याला सारखे हाकारे चालले होते.

"शुद्ध?"

"शुद्ध," इम्ना म्हणाला.

"शुद्ध," शुआ म्हणाली.

"शुद्ध?"

"मी नाही," तिर्सा म्हणाली.

शुआने कपाळाला हात लावला.

"कशाचा विटाळ?"

"प्रेताचा. सासूबाईंच्या. आज तिसरा दिवस."

"अहो, हिने आम्हाला जवळ फिरकू दिलं नाही!" शुआ उसळून म्हणाली. "आम्ही सगळे शुद्ध आहोत ते हिच्यामुळे!"

शल्लूमने तिर्साकडे नीट पाहिलं. तिच्या नखांत अजून माती होती.

"वाटेत गेल्या? आजारी होत्या का?"

"छे! गेल्या महिन्यात तर जवाच्या पेंढ्या डोक्यावर घेऊन डोंगर उतरत होत्या," तिर्सा म्हणाली. तक्रारीचा सूर नव्हता. सासूचा अभिमान होता. "माझ्या पुढे चालायच्या. खोकला लागला तो त्यानंतर."

"गेल्या महिन्यात," शल्लूम म्हणाला. "सण तेव्हाच व्हायचा होता."

इम्ना एकदम आपल्या पायांकडे बघू लागला.

आतून पुन्हा हाक आली. शल्लूम जागचा हलला नाही. मग त्याने कोकरासाठी हात पुढे केले.

"राजाने देवाला विनवलंय. मनापासून आलेल्याचा विटाळ बघू नकोस म्हणून. तुला सुरी लावता येणार नाही, तुझ्या वतीने मी लावतो."

"पण खायला मिळेल ना?"

"मिळेल, बाई."

तिर्साच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं, आणि रडता रडताच ती मोठ्याने हसली. मागच्या रांगेने काय झालं ते न विचारताच गाणं धरलं.

"किती तोंडं आहेत?" शल्लूमने विचारलं. सकाळपर्यंत मांस उरू द्यायचं नसतं, म्हणून एका कोकराला किती माणसं ते आधी सांगावं लागे.

"दहा," इम्ना पुटपुटला. "घरून अकरा निघालो होतो."

"अकराच असू दे," शल्लूम म्हणाला आणि कोकरू घेऊन आत गेला.

सूर्य मावळला तेव्हा तटाच्या आडोशाला कोकरू भाजून तयार होतं. रिवाजाप्रमाणे, प्रवासाला निघाल्यासारख्या कंबरा कसून, काठ्या हाती घेऊन सगळे बसणार, तोच अंधारातून कोणीतरी आलं. अंग धुतलेलं, केस अजून ओले. शल्लूम होता.

"तुमच्यात एक तोंड कमी आहे," तो म्हणाला.

"अहो, पण तुमच्या घरचे?" शुआने विचारलं.

"त्यांना सांगून आलोय."

तिर्सा सरकली आणि तिने आपल्या शेजारी जागा केली. कडू पाल्यासोबत बेखमीर भाकरीवर तिने गालाचं मांस ठेवलं आणि त्याच्यापुढे धरलं. तिच्या हाताचा विटाळ फिटायला अजून चार दिवस होते. त्याने ते तिच्या हातातूनच घेतलं.

"मला दात आहेत," तो हळूच म्हणाला.

"सासूबाईंना नव्हते. त्यांच्या वाट्याचं आहे."

पलीकडे झांजा वाजत होत्या, सगळा डोंगर गात होता. तिर्साने आपला घास खाल्ला, मग सासूने सांगितलेला दुसराही खाल्ला. शल्लूमला मात्र ते मऊ मांस चावायला फार वेळ लागला.