चौथ्या बाजूला

“समदी गेलो तर मेंढरं कोन बघनार?” धुळाने विचारलं आणि काठी मांडीवर आडवी ठेवून तो ढेकळावर बसला.

हरिभाऊ बसले नाहीत. तीन दिवस भाड्याच्या सायकलवरून येरळा नदीच्या काठाने फिरून ते तासगावच्या अलीकडे या रानात पोचले होते, तरी त्यांचे पाय थांबायला तयार नव्हते. ते धुळासमोर येरझाऱ्या घालत होते आणि मेंढपाळांचं काळं कुत्रं त्यांच्या मागेमागे फिरत होतं. सायकलच्या कॅरिअरला एक गाठोडं होतं. त्यात गजी नाचाचे पांढरे झगे आणि रंगीत रुमाल होते. माणमधल्या धुळाच्या वाडीवर ते गेले, तेव्हा माणसं मेंढरं घेऊन चाऱ्यासाठी केव्हाच खाली उतरली होती. मागे राहिलेल्या त्याच्या आईने, दगडाबाईने, ते गाठोडं त्यांच्या हातात दिलं होतं. गावली तर द्या, एवढंच ती म्हणाली होती.

हरी विष्णुपंत शेंडे मूळचे वाईचे. वय बेचाळीस. दहिवडीच्या पंचायत समितीत समाजशिक्षण संघटक. गावोगाव भजनी मंडळं आणि कलापथकं उभी करायची, हे त्यांचं काम. सहा वर्षांत त्यांनी चौदा बाजाच्या पेट्या वाटल्या होत्या. त्यातल्या बऱ्याचशा कुणाच्या ना कुणाच्या माडीवर धूळ खात होत्या आणि मंडळं कागदावर नांदत होती. हरिभाऊ मात्र पुन्हा पुन्हा त्याच गावांना जात, नव्याने माणसं गोळा करत. जेवतानाही तुमचा एक पाय उंबऱ्याबाहेर असतो, असं त्यांची बायको शरयू म्हणे.

तीन वर्षांपूर्वी बिरोबाच्या जत्रेत त्यांनी धुळाचा गजी पाहिला होता. मधोमध ढोल, भोवती माणसांचं रिंगण. सुरुवातीला नुसते सावकाश पडणारे पाय; पाहणाऱ्याला वाटावं, हे काय चाललंय. मग अर्ध्या तासाने केव्हातरी सगळ्यांच्या पाठी एकदम वाकायच्या आणि सगळे रुमाल एकदम उठायचे. हरिभाऊ त्या दिवशी तीन तास एका जागी उभे होते. पुढची दोन वर्षं दुष्काळाने जत्रा भरली नाही. आता, चौसष्टच्या जानेवारीत, साताऱ्याला जिल्ह्याचा कलामेळा होता. हरिभाऊंनी गजीचं नाव कळवलं होतं आणि मंजुरी आठवडाभरापूर्वी हातात पडली होती. मार्चअखेर त्यांची जागाच रद्द होणार, हे पत्रही त्याच टपालाने आलं होतं.

धुळाला नाचायचं होतं. ते त्याच्या तोंडावर दिसत होतं. त्याने सांगितलं, की तरण्या पोरांचे पाय आता बसून गेलेत, आणखी एक साल असंच गेलं तर त्यांना रिंगण धरताच येणार नाही. पण सगळीकडे हरभरा उभा होता. मेंढरांना चारी बाजूंनी चार माणसं हवीत आणि गडी गेल्यावर मागे धुळाची बायको लक्ष्मीबाई आणि दोन सुना, तिघीच उरत होत्या.

“चौथ्या बाजूला मी उभा राहतो,” हरिभाऊ म्हणाले.

पोरं हसली. धुळा हसला नाही. त्याने हरिभाऊंच्या बुटांकडे पाहिलं, मग लक्ष्मीबाईकडे. ती चुलीपुढून उठली नव्हती. ती म्हणाली, “ऱ्हाऊ द्यात की. मानूसच हाय त्योबी.”

रविवारी पहाटेच्या एसटीने अकरा जण ढोल घेऊन साताऱ्याला गेले. चौथी शिकलेल्या गुंडा नावाच्या पोराच्या खिशात हरिभाऊंनी मेळ्याच्या व्यवस्थापकांसाठी चिठ्ठी ठेवली होती. नाच सावकाश चढतो, निदान पाऊण तास द्यावा, अशी विनंती तीत होती.

ऊन चढलं तसे हरिभाऊ धावू लागले. एक मेंढी बांधाकडे वळली की ते हात पसरून तिच्यावर जात. ती बिचकून पळे आणि तिच्यामागे दहा पळत. दहा वाजेपर्यंत त्यांचा सदरा पाठीला चिकटला. लांबून लक्ष्मीबाईने हाक मारली.

“आवं सायेब, उभं ऱ्हावा. तुमी पळताय म्हनून ती पळत्यात.”

ते उभे राहिले. त्यांना ते फार कठीण गेलं. काठी टेकून, हनुवटी हातावर ठेवून लक्ष्मीबाई उभी होती, तसं त्यांनी उभं राहून पाहिलं. मेंढरं खरोखरच माना खाली घालून चरू लागली.

तीन वाजता मेळ्यात गजीची पाळी होती. हरिभाऊंनी अडीचपासून घड्याळ पाहायला सुरुवात केली. आता झगे चढवले असतील. आता ढोलावर पहिली थाप पडली असेल. ते मनाशीच पाय मोजत होते, तेवढ्यात पाचसहा मेंढ्या बांधावरून हरभऱ्यात उतरल्या. कुत्रं भुंकलं तेव्हा ते भानावर आले. त्यांनी मेंढ्या बाहेर काढल्या, पण रानाचे मालक नानासो तोवर येऊन ठेपले होते. हरिभाऊंच्या हातात काठी, उन्हासाठी डोक्याला गुंडाळलेला मळका फेटा, अंगावर धूळ. नानासोंना समोर मेंढपाळच दिसला. त्यांनी हरिभाऊंच्या आईबापाचा उद्धार केला आणि तुम्हा लोकांना रानात घेतलं हीच चूक झाली, असं सुनावलं. मी पंचायत समितीचा अधिकारी आहे, हे वाक्य हरिभाऊंच्या ओठांवर आलं होतं. पण मग धुळाने मेंढरं कुणावर सोपवली, हा प्रश्न निघाला असता. त्यांनी हात जोडले. “चुकलं मालक,” ते म्हणाले. नानासो पुटपुटत निघून गेले.

लक्ष्मीबाईने पाण्याचा तांब्या आणून दिला. तिने नुसतं विचारलं, की एवढं करून तुम्हाला काय मिळतं. त्यांनी खरं ते सांगितलं: मार्चनंतर ही नोकरी नाही, साताऱ्याला कारकुनाच्या खुर्चीत बसायचं. दिवसभर बसून राहायचं. थोड्या वेळाने तिने आपली काठी त्यांना दिली, ती त्यांच्या काठीपेक्षा लांब होती, आणि आपल्या बाजूला गेली.

माणसं सोमवारी दुपारी परतली. ढोल खाली ठेवून धुळा पाणी प्यायला, मग बोलला. व्यवस्थापकांनी चिठ्ठी वाचून परत दिली होती. वेळ सगळ्यांना सारखाच, दहा मिनिटं.

“पाय ऊन हुतायत न्हाई तवर घंटी वाजली. आमाला वाटलं कुनाची मेंढी आली. आमी नाचतच ऱ्हायलो. मग पडदा पडला.”

“मग?”

“मग ढोल उचलला, भाईर आलो. मांडवामागं मोकळं मैदान हुतं. तितं दिवस मावळंस्तवर नाचलो. मांडवातली लय मानसं उठून आली, सायेब. पोरांचं पाय बी मोकळं झालं.” तो हरिभाऊंकडे वळला. “तुमी पायजे हुता.”

हरिभाऊंनी विचारलं, आता जरा दाखवाल का, इथेच. विचारताना त्यांनाच अवघडल्यासारखं झालं. नानासोंनी त्याच सकाळी रान सोडायला सांगितलं होतं. सुना घोड्यांवर बिऱ्हाड लादत होत्या, अंधाराआधी पुढचं रान गाठायचं होतं. धुळा म्हणाला, चैतात जत्रंला या. हरिभाऊ हो म्हणाले. चैत्रात ते साताऱ्याच्या खुर्चीत असणार होते, आणि धुळालाही ते लक्ष्मीबाईने सांगितलं असावं. कारण त्याने पुन्हा आग्रह केला नाही. त्याने हरिभाऊंचा हात आपल्या दोन्ही हातांत धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

दहिवडीला पुढच्या आठवड्यात कागद आला. गजी पथकाने वेळेचा नियम मोडला, मांडवाबाहेर नाचून इतर कार्यक्रमांचा बेरंग केला, आणि त्या वेळी पथकासोबत संघटक हजर नव्हते. लेखी खुलासा करावा. कचेरीतले वयस्कर आण्णा क्लार्क हळू आवाजात म्हणाले, की ताप आला होता असं लिहा, दोन महिन्यांसाठी कशाला डाग लावून घेता.

हरिभाऊंनी दौत पुढे ओढली. पथकाला दिलेला वेळ अपुरा होता, असं त्यांनी पहिल्या ओळीत लिहिलं. दुसऱ्या ओळीत लिहिलं, की पथकातील सर्व इसम नाचावयास गेल्यामुळे सदर दिवशी मी मौजे तासगावनजीक त्यांची मेंढरे राखत होतो. शाई वाळेपर्यंत ते खुर्चीत स्वस्थ बसून राहिले. मग सहीच्या वर थोडी जागा उरली होती, तिथे त्यांनी आणखी तीन शब्द घातले: मेंढरे सर्व सुखरूप.