बडनेऱ्याच्या सुतारखान्यातली दोन सुती प्लेट

मित्रांनो, मी एक जुनी लोखंडी प्लेट आहे. हातभर लांब, वीतभर रुंद आणि दोन सूत, म्हणजे पाव इंच, जाड. अकोल्याच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये मी यंत्राचं झाकण होते. यंत्र मोडीत निघालं आणि मी भंगारात पडले.

एकोणीसशे बासष्टची गोष्ट. बडनेऱ्याचे भगवंत सुतार छपरावरून पडले आणि त्यांच्या डाव्या हाताची पकड गेली. खाच पाडायची पटाशी धरता येईना. मोर्शीच्या शाळेच्या खिडक्यांचं काम त्यांच्याकडे होतं. ठेकेदार पंजाबराव म्हणाले, आता हे काम दुसऱ्याला देतो. भगवंतांनी महिन्याची मुदत मागून घेतली आणि टेबल बांधायला घेतलं. टेबलाखाली मोटर उलटी टांगायची, तिचा फिरता कटर वर काढायचा, आणि उजव्या हातानं लाकूड त्यावरून सरकवत खाच पाडायची. गावात लोक हसले.

अडलं ते मोटर कशाच्या आधारानं टांगावी इथं. सागाची फळी जाड पडली, कटर वर पोचेना. पातळ पत्रा लावला, तर मोटरीच्या वजनानं तो मधोमध झोळ खाऊन थरथरू लागला. भगवंत हताश होऊन बसले. तेव्हा त्यांची बायको जमुना अकोल्याला गेली, भंगारातून मला निवडून घेऊन आली. तिनं मला दोन विटांवर ठेवलं आणि सरळ माझ्यावर उभी राहिली.

"हे वाकत नाई," ती म्हणाली. "मंग तुमी काहून वाकता?"

भगवंत उठले. माझ्या पोटात कटरसाठी भोक पाडायला, कानशीनं ते गोल करायला त्यांना चार दिवस लागले. मोटर माझ्याखाली टांगली, आणि लाकूड अडू नये म्हणून स्क्रूची डोकी माझ्या अंगात बुडवली. मी टेबलाशी अशी सपाट बसले, की बोट फिरवलं तरी सांधा लागेना.

मुदतीच्या आत खिडक्या झाल्या. पंजाबरावांनी एकेक चौकट हलवून पाहिली. एकही हलली नाही. मग ते म्हणाले, हे टेबल माझ्या कारखान्यात पाठवा, माझी माणसं चालवतील.

"टेबल इथून हालनार नाई," भगवंत म्हणाले. "काम असन तं इथं आना."

पंजाबरावांनी काम तिथंच आणलं.

पुढं एका वर्षी भगवंत दोन महिने तापानं अंथरुणावर होते. येणाऱ्याजाणाऱ्यांनी माझ्यावर रंगाचे डबे ठेवले, ओल्या बादल्या टेकवल्या. मला गंज चढला. बरे झाल्यावर भगवंतांनी पहिलं लाकूड सरकवलं, ते गंजाच्या खवल्यावर अडकून उसळलं. त्यांचा उजवा हात थोडक्यात वाचला. जमुनेनं त्याच दिवशी मला घासून काढलं.

म्हणून सांगते, मित्रांनो. मला हळदकुंकू नको. काम संपलं की भुसा झटका आणि तेलाचा बोळा फिरवा, एवढंच. मग साग आणा, शिसम आणा, नाहीतर गाठाळ बाभूळ आणा. मी तयार आहे.