जुन्या मशीनवरचं शून्य

नूतनने आईच्या रक्ताची नळी नव्या मशीनमधून काढली आणि पुन्हा जुन्या मशीनला लावली. उत्तर तेच आलं. नव्यावर टीएसएच, थायरॉईडला चालना देणारं हार्मोन, अगदी नॉर्मल, जुन्यावर जवळजवळ शून्य.

चंद्रपूरच्या त्या लॅबमध्ये थायरॉईडच्या तपासणीसाठी नवं मशीन आलं होतं. ते ठेवून घ्यायचं की नाही हे ठरवण्याआधी एकच रक्त दोन्ही मशीनवर लावून ताडून पाहायचं काम नूतनकडे होतं. धडधाकट माणसांचं रक्त कमी पडलं, म्हणून तिने भद्रावतीला घरी आई गिरजाबाईचंच रक्त काढलं. सत्तरी गाठलेली गिरजाबाई अजून मिरच्या तोडायला जायची. कधी साधा ताप नाही. अशा बाईचं शून्य कसं?

"नवीन मशीन बिघडली असंल," शेजारी बसलेला जाहिद म्हणाला. "पण बाकीचे तर बरोबर जुळून राह्यले."

असलंच शून्य नूतनने आधीही पाहिलं होतं, मोठ्या बहिणीच्या रिपोर्टवर.

रंजीता आलापल्लीच्या पुढे एका आश्रमशाळेत शिकवायची. छातीत धडधडतं म्हणून एकदा याच जुन्या मशीनवर तपासणी झाली आणि शून्य निघालं. थायरॉईड वाजवीपेक्षा जास्त काम करतो, असा त्याचा अर्थ. तो दाबायच्या गोळ्या सुरू झाल्या. मग ती सुजत गेली, आवाज घोगरा झाला, फळ्यासमोर उभ्या उभ्या डोळा लागू लागला. दर तपासणीला शून्यच निघे, आणि गोळी वाढे. नोकरी सुटली. ठरलेलं लग्न मोडलं. आता ती भर उन्हाळ्यातही स्वेटर घालून घरात बसलेली असे.

नूतनने रंजीताचं रक्त आणून नव्या मशीनला लावलं. जुन्यावर जे शून्य होतं, ते इथे हद्दीबाहेर वर गेलेलं होतं, थायरॉईड पार मंदावल्याची खूण.

लॅबच्या डॉक्टर माधवींनी दोघी मायलेकींचे आकडे शेजारी ठेवून पाहिले.

"काही घराण्यांत हे हार्मोन जरा वेगळ्या घडणीचं असतं," त्या म्हणाल्या. "काम चोख करतं, पण जुन्या मशीनला ते दिसतच नाही. तेव्हा सोबत टी-फोर, म्हणजे थायरॉईडचं स्वतःचं हार्मोन, तपासलं असतं तर कळलं असतं. पण त्याचं किट इथे असायचं कधी?"

"म्हणजे ताईले..."

"काही नव्हतं. गोळ्यांनी आजारी पडली ती." त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "आजपासून बंद करा. हळूहळू बरं वाटेल. आणि आजवर ज्यांचं शून्य आलं, त्या सगळ्यांना परत बोलवा."

संध्याकाळी नूतन घरी आली तेव्हा आई मागच्या अंगणात मिरच्यांचे देठ काढत होती. रंजीता खाटेवर होती. नूतनने हळू आवाजात सगळं सांगितलं. रंजीता आपल्या सुजलेल्या बोटांकडे पाहत ऐकत होती.

"म्हणजे मी आळशी नव्हती?"

"नाई, ताई."

"हेडमास्तर म्हणे, बाई नुसत्या झोपा काढते. मलेही तसंच वाटे."

नूतनने तिचा हात धरला. गार होता.

"बरी होशीन तू."

"होईन," रंजीता म्हणाली. "माह्या वर्गातल्या पोरींचे लग्नं झाले असतीन आता."

"काय म्हणे व डॉक्टरीण?" अंगणातून गिरजाबाईने विचारलं.

नूतन उठू लागली तशी रंजीताने तिचं मनगट घट्ट पकडलं.

"आईले नोको सांगू."

"काऊन?"

"रोज सकाळी तिनंच देली मले गोळी, आपल्या हातानं. मी नाई म्हटलं का रडे."

नूतन दारात जाऊन उभी राहिली. मिरचीच्या खकाण्याने डोळे चुरचुरत होते, ते बरंच झालं.

"गोळ्या बंद केल्या, आई. ताई बरी झाली म्हणे."

गिरजाबाईच्या हातातली मिरची तशीच राहिली. मग तिने पदराने तोंड पुसलं आणि हसली.

"मी म्हणत नव्हती? एक दिवस चुकू नाई देला म्यां."

"हो आई," आतून रंजीताचा घोगरा आवाज आला. "तूच बरी केली मले."