शंभराचा स्टॅम्प पेपर

पुष्करला एकदा तरी रडताना बघायचं, एवढ्या एका इच्छेवर मी चार वर्षं शाळेच्या कँटीनमध्ये बटाटे सोलले. सोडून दे, माफ कर, मन हलकं होईल, असं सांगणारे पुष्कळ भेटले. देव त्यांचं भलं करो. त्यांचे नवरे त्यांच्या डोक्यावर एक्केचाळीस हजार युरोंचं कर्ज ठेवून वाल्डॉर्फला निघून गेले नव्हते.

जर्मनीत ब्राउनश्वाइगला विद्यापीठाजवळ आम्ही दोघांनी पोळी-भाजीचं दुकान काढलं होतं. कल्पना त्याची, एक्सेल शीट त्याचं, पोळ्या माझ्या. मला पगार नव्हता, म्हणून बँकेने कर्जाच्या कागदावर त्याचीही सही घेतली. दुकान दोन वर्षं रडतखडत चाललं. मग त्याला वाल्डॉर्फला मोठ्या पगाराची नोकरी लागली आणि तिथे गेल्यावर तीन महिन्यांत त्याला साक्षात्कार झाला, की आपलं पटत नाही. मला हे लग्नाच्या दुसऱ्या वर्षीच कळलं होतं, पण सांगायला सवड कुणाला होती?

घटस्फोटाच्या आधी पुण्यात बैठक झाली. त्याचे आत्माराम काका मधोमध, सासूबाई खिडकीशी, माझे आईवडील पाहुण्यांसारखे सोफ्याच्या कडेला. काकांनी निवाडा दिला : दुकान नीताचं, म्हणून कर्जही नीताचं, पुष्करचा आता संबंध नाही. शंभर रुपयांच्या स्टॅम्प पेपरवर तसं टाइप करून आणलं, दोन साक्षीदारांच्या सह्या झाल्या, पेढे तेवढे वाटायचे राहिले. दुकान चालवून कर्ज फिटेल असं मलाही वाटलं आणि मी सही केली. उठताना काका म्हणाले, "आपल्या घरात आजवर कुणाचं दिवाळं निघालेलं नाही, एवढं लक्षात ठेव." घरातून मला काढलं होतं, पण घराण्याची अब्रू माझ्याकडेच ठेवली होती.

सहा महिन्यांत दुकान बंद पडलं. मी कँटीनमध्ये लागले आणि काकांचं ते वाक्य उशाशी घेऊन दर महिन्याला बँकेचा हप्ता भरत राहिले. बूट फाटले तरी हप्ता. दात दुखला तरी हप्ता. पुष्करने वाल्डॉर्फजवळ घर घेतल्याचं कळलं, त्या महिन्यातही हप्ता. बाकीची देणी तशीच साचत गेली : दुकानाचं भाडं, फ्रिजवाला, वीज, आरोग्य विमा. आणि शुभाताईंचे चार हजार.

शुभाताई माझ्या दोन गल्ल्या पलीकडे राहतात. तीस वर्षांपूर्वी नवऱ्याबरोबर आल्या, नवरा गेला, त्या राहिल्या. कपडे शिवून साठवलेले पैसे त्यांनी मला दुकानासाठी काढून दिले होते. कागद नाही, व्याज नाही. हातउसने. कधी मागितले नाहीत. मी गेले की आधी चहा टाकायच्या आणि मग विषय काढायच्या, तोही पैशांचा नाही.

फ्रिजवाल्याने दावा लावला, कोर्टाचा पिवळा लिफाफा आला, तो घेऊन मी त्यांच्याकडेच गेले. त्यांनी मला हाताला धरून शुल्डनरबेराटुंगला नेलं. कर्जात बुडालेल्यांना फुकट सल्ला देणारं ते ऑफिस. तिथे ल्यूडर्सबाई नावाच्या, चष्मा गळ्यात लटकवलेल्या बाई होत्या. त्यांनी माझी पगाराची पावती बघितली आणि विचारलं, मी बँकेला पैसे का भरते? मी म्हटलं, घेतलेत म्हणून. त्या म्हणाल्या, एवढ्या पगारातून कायद्याने कुणी एक सेंटही काढून घेऊ शकत नाही. हे तुमच्या जेवणाचे पैसे आहेत. तुम्ही चार वर्षं जेवणाचे पैसे बँकेला दिलेत.

मग त्यांनी प्रिवाटइन्सॉल्व्हेन्झबद्दल, म्हणजे खाजगी दिवाळखोरीबद्दल सांगितलं. आधी सगळ्यांना पत्र लिहून तडजोड होते का बघायचं, नाही झाली तर कोर्टात अर्ज करायचा. तीन वर्षं सगळं खरं सांगायचं, काही लपवायचं नाही, आणि त्यानंतर उरलेली देणी माफ. मला त्या सगळ्यात एकच शब्द ऐकू येत होता : दिवाळं. नको म्हणून उठणार, एवढ्यात फायलीतून तो स्टॅम्प पेपर घसरून टेबलावर पडला. बाईंनी उचलला, त्यावरचं सिंहांचं चित्र निरखलं, हे काय म्हणून विचारलं. मी वाचून दाखवला.

"आल्झो, तर मग," त्या म्हणाल्या, "हे बँकेला दाखवलं होतं?"

नव्हतं दाखवलं. दहा-दहा वर्षं जर्मनीत काढलेली माणसं आम्ही, ट्रामचं तिकीटही फायलीला लावणारी. पण काकांनी निवाडा दिल्यावर बँकेला विचारायचं असतं, हे दोघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही.

"मग हे तुमच्या दोघांतलं झालं," त्या म्हणाल्या. "बँकेच्या कागदावर दोन सह्या आहेत. तुम्ही दिवाळखोरीत गेलात, की बँक सगळी रक्कम त्यांच्याकडे मागेल."

मी परत खाली बसले. म्हटलं, अर्ज कुठे आहे?

खरं सांगते, माफी मिळेल म्हणून मी तो मार्ग धरला नाही. उरलेल्या सगळ्या कर्जाचं पत्र पुष्करच्या दारात पडेल, म्हणून धरला. घरी येताना ट्राममध्ये मी एकटीच हसत होते. समोरच्या बाईने जागा बदलली. त्याचा चेहरा, त्याचं नवं घर, त्याचे हप्ते, सगळं मी मनात चवीचवीने बघितलं. चार वर्षांत इतकी शांत झोप लागली नव्हती.

ल्यूडर्सबाईंनी तडजोडीची पत्रं धाडली, शुभाताईंचं तेवढं मी हाताने देते म्हणून पर्समध्ये ठेवलं, आणि बँकेचा हप्ता थांबवला. तीन आठवड्यांनी पुष्करचा फोन आला. घटस्फोटानंतरचा पहिला.

"नीता, बँकेचं काहीतरी चुकलंय. आपलं तर लिहून झालं होतं ना?"

"झालं होतं," मी म्हटलं. "तो स्टॅम्प पेपर बँकेला दाखव."

आणि पठ्ठ्याने खरंच दाखवला. शपथेवर भाषांतर करणाऱ्याकडून त्याचं जर्मन करून घेतलं, सिंहांसकट. बँकेने आभार मानून कळवलं, की आपला आपसातला करार आम्ही वाचला, रक्कम चौदा दिवसांत भरावी. हे मला सासूबाईंकडून कळलं. त्यांनी पुण्याहून फोन करून मला बरंच काही सुनावलं, शेवटी रडल्या. मला अजिबात वाईट वाटलं नाही. मी नुसतं "हो आई" म्हणत होते आणि मनात म्हणत होते, आता मुलाची पाळी.

नवव्या दिवशी मेसेज आला : "पूर्ण भरले. एवढंच होतं तर आधी सांगायचंस ना."

मी तो मेसेज कँटीनच्या मागच्या दारात उभी राहून वाचला. एवढंच. चार वर्षं, दात, बूट, आईच्या आजारपणात न काढलेलं तिकीट, हे सगळं एवढंच. त्याला रडवायला निघाले होते, त्याने मोबाइलवर अंगठा टेकवला आणि मोकळा झाला. माझ्या हातात सोलाणं होतं. ते मी भिंतीवर फेकलं, मग उचलून, धुऊन परत कामाला लागले, कारण दोनशे पोरं जेवायची होती.

चार दिवसांनी दुसरा मेसेज आला, भाषांतर जोडून. करारानुसार हे कर्ज माझं होतं, तेव्हा त्याने भरलेली रक्कम मी त्याला कशी परत करणार, ते कळवावं.

मी थेट ल्यूडर्सबाईंकडे गेले. त्यांनी भाषांतर वाचलं आणि त्यांना जवळजवळ आनंदच झाला. म्हणाल्या, उत्तम. म्हणजे आता ते तुमचे सावकार. माझ्या देण्यांच्या यादीतून बँकेची ओळ गेली आणि तळाशी पुष्करची आली. बाकीच्यांचे नकार आलेलेच होते. त्याच दुपारी मी कोर्टाच्या अर्जावर सही केली आणि ट्रामच्या थांब्यावरून पुष्करला लिहिलं, "दिवाळखोरीत गेले आहे. यादीत तुझं नाव सगळ्यात खाली आहे. रांगेत उभा राहा."

लगेच फोन वाजला. मी उचलला नाही. तो परत वाजला, परत नाही. पाच वेळा वाजला. पैसे गेले म्हणून तो रडला नसेल, पण मी त्याला रांगेत उभं केलं, हे त्याला पचणारं नव्हतं. ते त्या पाच वाजण्यांत मला ऐकू आलं, आणि मी ते पोटभर ऐकलं.

रांग वगैरे खरं तर नसते. ल्यूडर्सबाईंनी तेही सांगितलं होतं. जे काही वसूल होईल, ते सगळ्यांना सारख्याच टक्क्याने, आणि माझ्या पगारातून काहीच वसूल होणार नव्हतं. पुष्करला शून्य. त्याच्या वरच्या ओळीतल्या शुभाताईंनाही शून्य. पुष्करला ते कोर्ट कळवणार होतं. शुभाताईंना कोर्टाने कळवण्याआधी मी सांगायला हवं होतं, म्हणून तशीच त्यांच्याकडे गेले.

त्यांनी दार उघडलं आणि उंबऱ्यातच सगळं ऐकून घेतलं.

"माझं नाव घालावंच लागतं का?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, हो. लपवलं आणि कुणी दाखवून दिलं, तर माझी सगळी माफी जाईल, आणि दाखवून द्यायला आता पुष्कर टपलेला आहे. तीन वर्षं तुम्हाला एकटीला गुपचूप दिलेलंही चालत नाही. पण त्यानंतर कोर्टाने माफ केले तरी मी तुमचे चार हजार देईन.

"बघू," शुभाताई म्हणाल्या. मशीनवर कुणाचं तरी ब्लाउज अर्धं राहिलंय, असंही म्हणाल्या. चहाचं त्यांनी विचारलं नाही.