बेकरीवाल्याचा सांधा

क्लबात त्याला सगळे मिलिमीटर म्हणायचे. कारखान्यात तो फिटर होता आणि खिशात पेन नसलं तरी पट्टी असायची. दुसऱ्याच्या घरी जेवायला गेला तरी आधी टेबल हलवून बघायचा, मग बसायचा.

क्लब म्हणजे पंधरा घोडे झालेली माणसं आणि त्यांची छोटी आगगाडी. कुणी खेळणं म्हटलं की पंधराच्या पंधरा अंगावर यायचे. प्रत्येकाने आपापल्या घरी टेबलाएवढा एकेक तुकडा बनवायचा. त्यावर रूळ आणि हवं ते गाव, डोंगर, बोगदा. कडेची मापं मात्र सगळ्यांची एकच. दर शनिवारी हार्डवेअरच्या दुकानावरच्या हॉलमध्ये सगळे तुकडे बोल्टांनी जोडायचे, गोल पुरा करायचा आणि गाडी सोडायची. एकाचा तुकडा वाकडा असला तर गाडी सगळ्यांचीच पडते.

वाकडा तुकडा बेकरीवाल्याचा होता. त्याच्या हाताला लोण्याची सवय, लाकडाची नाही. त्याचे डोंगर पावासारखे फुगलेले, घरं भाजून तडकल्यासारखी. गेल्या वर्षी तो वारला. तुकडा क्लबातच राहिला आणि दर शनिवारी त्याची बायको येऊन त्या तुकड्याजवळ खुर्ची टाकून बसू लागली. वहिनींना आता उजेड आणि अंधार एवढंच कळायचं. आंधळी बाई गाड्या बघायला येते, म्हणून दोघे-तिघे कोपऱ्यात हसायचे. माणसाची जात अशीच, वारलेल्याच्या घरचा पाव खाल्लेला असला तरी.

प्रदर्शन दोन महिन्यांवर आलं. बारा डब्यांची लांब गाडी काढली, ती बेकरीवाल्याच्या तुकड्यावर नेमकी आडवी झाली. अध्यक्ष दाताचे डॉक्टर होते. ते म्हणाले, "किडलेलं ठेवून चालत नाही. दुरुस्त करा, नाहीतर काढून टाका."

"काढायचं नाव काढू नका," मिलिमीटर म्हणाला. "मी करतो."

तीन रविवार त्याने तुकडा घरी नेला. खाली बसलेली फळी उचलून टेकू दिले. जुने रूळ उखडले, नवे टाकले, सांध्यांना कथलाचा डाग देऊन कानशीने घासले. नख फिरवलं तरी सांधा लागत नव्हता. बेकरीवाल्याच्या डोंगरांना त्याने हात लावला नाही. दोस्ताचं ऋण फिटलं असं त्याला वाटलं. खरं सांगायचं तर त्याला कौतुकही हवं होतं.

शनिवारी गाडी लोण्यावरून सुरी जावी तशी गेली. एक फेरी, दोन, चार. मिलिमीटर वहिनींच्या खुर्चीमागे उभा राहून वाट बघत होता.

"भावजी," वहिनी म्हणाल्या, "आज गाडी आमच्याकडे सोडलीच नाही का?"

"अहो, चारदा जाऊन आली!"

वहिनींचा हात फळीच्या कडेवर होता. तो त्यांनी मांडीवर घेतला. "छान केलंत हो. किती कष्ट घेतलेत." आणि मग त्यांनी मुलाला फोन करून न्यायला बोलावलं. एरवी पाच वाजता जायच्या, त्या दिवशी साडेतीनलाच गेल्या.

पुढच्या शनिवारी खुर्ची रिकामी. त्याच्या पुढच्याही.

"वय झालं आता," एकजण म्हणाला. दुसऱ्याने मान हलवली. झालं, पंधरा जणांचं कर्तव्य संपलं! मिलिमीटरच्या डोक्यात सणक गेली, पण ओरडणार कुणावर? उखडणारा तर तोच होता.

तो वहिनींच्या घरी गेला.

"का येत नाही तुम्ही?"

"येऊन काय करू? मला दिसतं का काही?"

"आधी तरी कुठे दिसत होतं?" हा बोलून बसला आणि त्याने जीभ चावली.

वहिनी मात्र हसल्या. "आधी कळायचं, भावजी. बाकी सगळीकडे गाडी नुसती घरघरते. यांच्या तुकड्यावर आली की..." त्यांनी टेबलावर बोटाने वाजवलं. टक्. जरा थांबून, टक-टक्. "मग मी मनात म्हणायची, आली घरी."

मिलिमीटरने तो आवाज वर्षानुवर्षं ऐकला होता आणि दर वेळी त्याचे दात शिवशिवले होते. घरी जाताना त्याला उमगलं, गाडी पडायची ती फळीच्या खड्ड्यामुळे. रुळांतल्या फटी बिचाऱ्या नुसत्या वाजत होत्या. पण याने दोन्ही एकाच फटक्यात बुजवलं होतं. याला म्हणे मोजमाप कळतं!

हॉलची किल्ली अध्यक्षांकडे होती. ऐकून ते चक्रावले. "चांगला रूळ कापणार? प्रदर्शनात लोक काय म्हणतील? खडखडाट!"

"तुमच्या दवाखान्यात मशीन कोकलतं, तरी लोक येतातच ना? द्या किल्ली. गाडी पडली तर मला क्लबातून काढा."

अध्यक्षांनी किल्ली दिली. प्रदर्शनासाठी सगळे तुकडे आता हॉलमध्ये जोडूनच ठेवले होते.

मंगळवारी दुपारी त्याने रजा टाकली, वहिनींना हाताला धरून जिना चढवला, खुर्चीत बसवलं. मग बारीक करवतीने आपणच घातलेला सांधा कापला. आवाज हवा तर आत-बाहेरच्या रुळांतल्या फटी पुढेमागे पाहिजेत, एवढं त्याला कळत होतं. किती पुढे, किती मागे, ते कोणत्याच पट्टीवर नव्हतं.

त्याने बारा डबे सोडले.

"फार लवकर," वहिनी म्हणाल्या. "दुसरं टक् जरा उशिरा यायचं."

नवा काप. पुन्हा गाडी.

"हं. पण हे कुरकुरतंय. यांचं गोल होतं."

"आवाज गोल कसा असतो, वहिनी?"

"तुम्ही घासा हो."

तो घासत राहिला. पहिला काप बुजवला, तिसरा पाडला. पट्टी केव्हा खाली पडली त्याला कळलंही नाही. अकराव्या फेरीला गाडी पावाच्या डोंगरामागून आली, टक्, आणि जरा थांबून, टक-टक्. मागचे बारा डबे तेच म्हणत गेले. एकही पडला नाही.

मिलिमीटरने गाडी थांबवली आणि तो वहिनींकडे वळला.

"नाही जमलं?"

"जमलं." त्यांनी पदराने डोळे पुसले आणि एकदम हसू लागल्या. "अहो, हा आवाज घालवायला ते तीन वर्षं खपले होते! रोज रात्री मला म्हणायचे, उद्या मिलिमीटरला विचारतो. लाजेने विचारलंच नाही कधी. आज असते तर तुमच्यावर असे भडकले असते!"

मिलिमीटर कानस हातात धरून उभा राहिला. दोस्ताला इतकी वर्षं जे मागायचं होतं, ते त्याने आधी दिलं होतं आणि आता काढून घेतलं होतं.

"मग काय करू? बुजवू परत?"

"हात तर लावून बघा!" वहिनी म्हणाल्या. "त्यांचं ऐकण्यात उभा जन्म गेला, भावजी. आता हे माझं आहे. सोडा गाडी."

त्याने गाडी सोडली. स्वतःसाठी खुर्ची ओढली, ती डगमगत होती, तरी बसला.