तेराव्या कंपनीचे घोडे

यतीनला दुसऱ्या महायुद्धातली जर्मन पायदळाची एक अख्खी रेजिमेंट तोंडपाठ होती. सासूबाईंचा वाढदिवस नव्हता, पण रेजिमेंट होती. तीन बटालियन, प्रत्येकीत तीन रायफल कंपन्या आणि चौथी मशीनगनवाल्यांची. शिवाय तेरावी कंपनी तोफांची आणि चौदावी रणगाडे फोडणाऱ्यांची. तीच मशीनगन दोन पायांवर टेकवली की 'हलकी' आणि तिपाईवर चढवली की 'जड', हे तो कुणाकडेही जेवायला गेला की वरणभाताला सुरू करी आणि ताकापर्यंत पुरवी. हल्ली त्या नवराबायकोला जेवायला फारसं कुणी बोलवत नसे.

त्या सैन्याने जगाचं काय केलं, याची त्याला मनापासून किळस होती. आवडायचा तो फक्त तक्ता. पुण्याहून आलेला सिस्टिम आर्किटेक्ट तो. चौकटी आणि त्यांना जोडणाऱ्या रेघा दिसल्या की त्याचा जीव हरखायचा. मेलबर्नच्या टार्निट उपनगरातल्या घराच्या गराजमध्ये सहा वर्षं डोळे फोडून त्याने ही रेजिमेंट इंचभर उंचीच्या बाहुल्यांमध्ये उभी केली होती. रंग कालवायला दोन पिवळ्या प्लास्टिकच्या पाट्या होत्या, त्यांच्यावर करड्या रंगाचे थरच्या थर चढले होते. आज शनिवारी दुपारी अशाच हौशी लोकांच्या क्लबच्या प्रदर्शनात ती रेजिमेंट पहिल्यांदा लोकांसमोर येणार होती.

गाडी अर्थातच त्याची बायको सुहासिनी चालवत होती. यतीन शेजारी, मांडीवर तेराव्या कंपनीचा ट्रे घेऊन.

"सोमवारी उत्तर द्यायचंय मला," ती म्हणाली.

"आज नको ना. आज डोक्यात दुसरं काही नाहीये."

"तुझ्या डोक्यात सहा वर्षं दुसरं काही नाहीये."

दूर दुसऱ्या राज्यातल्या टूवूंबा गावच्या हॉस्पिटलमध्ये तिला सीनियर फिजिओची पर्मनंट जागा मिळत होती. दहा वर्षं ती कॅज्युअल शिफ्ट करत या जागेची वाट पाहत होती. यतीनचं काम घरून होण्यासारखं, मूलबाळ नाही, अडचण काहीच नव्हती. तरी त्याने तीन आठवड्यांत अडचणींचा एक सुबक तक्ता उभा केला होता. तिथलं इंटरनेट, तिथली थंडी, मराठी माणसांचा दुष्काळ. मेलबर्नमध्ये राहणाऱ्या माणसाने थंडीची तक्रार करावी, हे त्याचं त्यालाही जरा जास्तच वाटलं होतं.

खरं कारण त्या तक्त्यात नव्हतं. टूवूंबात बस नावाला, गाडीवाचून माणूस लंगडा. आणि यतीनला गाडी येत नव्हती. दोनदा टेस्ट देऊन तो दोनदा नापास झाला होता. पहिल्या वेळी तर राउंडअबाउटच्या गोल चौकाच्या तोंडाशी तो सगळ्यांना 'आधी तुम्ही, आधी तुम्ही' करत इतका थांबला, की परीक्षकाची पाण्याची बाटली संपली. तेव्हापासून स्टेशन, दवाखाना, वाणसामान, सगळीकडे सुहासिनी सोडायची आणि आणायची. यतीन लोकांना सांगायचा, मला पर्यावरणाची काळजी आहे.

हॉलमध्ये चौदा ट्रे मांडून झाले. माणसं वाकून वाकून पाहत होती, फोटो काढत होती, आणि यतीनचे पाय आनंदाने जमिनीला लागत नव्हते. एवढ्यात क्लबमधला सगळ्यात म्हातारा मेंबर, रॉस, काठी टेकत आला. हयात शेतीत गेलेली. तेराव्या कंपनीपाशी तो बराच वेळ थांबला.

"लव्हली वर्क, मेट. या दोन मोठ्या तोफा. यांना ओढतं कोण?"

"घोडे," यतीनने फाडकन सांगितलं. "एकेका तोफेला सहा. रेजिमेंटमध्ये साडेसहाशेच्या वर. लोकांना वाटतं सगळं रणगाड्यांवर चालायचं, पण पायदळ घोड्यांवरच चालायचं."

"आणि तू किती बनवलेस?"

यतीनने चौदाही ट्रेंवरून नजर फिरवली. घोडा नव्हता. एकही नव्हता. घोड्यांचं कोष्टक संदर्भाच्या पुस्तकात शेवटी असायचं आणि बाहुल्या करताना ते तो दर वेळी उलटून टाकायचा. घोडे रंगवायला किचकट, आणि त्यांच्याकडे कोण बघतंय!

"नो वरीज," रॉस म्हणाला. "पण मग तुझी फौज गराजमधून निघायची कशी?"

यतीनने मान वर केली. पलीकडच्या खुर्चीत सुहासिनी पेंगत होती. सकाळची शिफ्ट करून ती तशीच गाडी घेऊन आली होती; गळ्यात अजून हॉस्पिटलचं कार्ड होतं. त्याला स्वतःची भयंकर लाज वाटली.

परत निघताना पार्किंगमध्ये तो म्हणाला, "सुहास, त्यांना हो कळव."

"आणि इंटरनेट?"

"त्या सगळ्या थापा होत्या गं. मला गाडीची भीती वाटते. इथे तू ओढतेस म्हणून चाललंय माझं. आज घोड्यांवरून लक्षात आलं, की आपल्या घरात तू..." तिच्या डोळ्यांकडे पाहून त्याने वाक्य तिथेच सोडलं. आयुष्यात प्रथमच त्याने वेळेवर ब्रेक लावला.

"पुढे बोल ना," ती म्हणाली.

"नको. किल्ली दे."

"शिकाऊ परमिट आहे?"

परमिट होतं. मुदत संपली की नवं काढायचं आणि पाकिटात ठेवायचं, हे तो इमानेइतबारे करत आला होता. त्याने डागडुजीसाठी बरोबर आणलेला रंगांचा डबा उघडून त्या दोन पिवळ्या पाट्या काढल्या आणि नखाने करडे थर खरवडू लागला. खालून शिकाऊ ड्रायव्हरचा काळा एल हळूहळू वर आला. त्याने एक पाटी पुढे लावली, एक मागे.

"दिसतोय का?"

"दिसतोय. बस आता."

ती शेजारच्या सीटवर बसली आणि तेरावी कंपनी तिने मांडीवर घेतली. पार्किंगच्या बाहेर पडताच राउंडअबाउट होतं. उजवीकडून कुणीच येत नव्हतं, तरी यतीन थांबला. मागच्याने हॉर्न दिला. सुहासिनीने दोन्ही हातांनी तोफा धरून ठेवल्या. मग यतीनने गाडी चौकात घातली.