सहा पूर्णांक दोन मिलिमीटर

दामाजी कोळी गाडी बघायला आला तेव्हा त्याने चपला फाटकाशी काढल्या आणि सरळ गाडीखाली शिरला. चामड्याच्या सीटा, एअरकंडिशनर, लाकडी पट्टीचा डॅशबोर्ड, ज्यासाठी नौपाड्यातली आमची अर्धी गल्ली कुंपणावरून डोकावून गेली होती, त्यातलं काहीच त्याने पाहिलं नाही. तो बराच वेळ खाली होता. फक्त त्याची पावलं बाहेर दिसत होती.

गाडी माझ्या काकांची, हरिहर ताम्हाण्यांची. एका बंदराच्या कामावरचे परदेशी इंजिनीअर काम संपवून गेले, तेव्हा त्यांच्या सामानाच्या लिलावात काकांनी ती उचलली. चारही चाकांना जोर देणारी, तेरा वर्षं जुनी, रुबाबदार जीप. काकांनी दोन वर्षं तिच्यात बसून लग्नांना हजेरी लावली आणि मग पेट्रोलला कंटाळून ती विकायला काढली. ही चौऱ्याण्णव सालातली गोष्ट. मी फिजिक्समध्ये बीएस्सी होऊन वागळे इस्टेटमधल्या एका तपासणीच्या लॅबमध्ये लागले होते. बॉयलर, टाक्या, पाइप यांचा पत्रा किती झिजला आहे ते आवाजाच्या लहरींनी मोजायचं, हे माझं काम. नोकरी काकांच्या शब्दावर मिळाली होती आणि राहायलाही मी त्यांच्याकडेच होते.

दामाजीला ही गाडी मिरवायला नको होती. खाडीत मासळी उरली नव्हती. माजिवड्याच्या एका कंत्राटदाराला खाडीकाठच्या चिखलातून मोजणीवाली माणसं न्यायची होती, आणि साधी जीप तिथे रुतत होती. चिखलात चालेल अशी गाडी घेऊन आलास तर वर्षभराचं काम तुझं, असं त्याने दामाजीला सांगितलं होतं. दामाजीने आपली होडी विकली होती. चेंदणी कोळीवाड्यात त्याला लोक आत्ताच शेठ म्हणून चिडवायला लागलेत, हे त्याचा पुतण्या मोरू हसत हसत सांगत होता.

मोरू टेम्पो चालवायचा. इंजिनाचं काम त्याच्याकडे होतं आणि तो हुशार होता. त्याने पहिल्यांदा बॉनेटवर तळहात ठेवला, ते कोमट लागलं, तेव्हा म्हणाला की गार झाल्यावरच चालू करून बघू. गरम इंजिन कुठलंही चालू होतं. काकांनी आनंदाने चहा मागवला. तासाभराने मोरूने गाडी चालू केली. धुराचा रंग पाहिला, ऑइलची कांडी पुसून नाकाला लावली, चारचाकीचा दांडा टाकून गाडी गल्लीच्या टोकाच्या खड्ड्यातून काढली, गोल वळवताना खालून टकटक येते का ते ऐकलं. सगळं ठीक होतं. खरोखरच ठीक होतं. जे चांगलं होतं ते काका हवं तितका वेळ तपासू देत होते.

वाईट होती ती चासी, म्हणजे ज्या दोन लांब पोलादी तुळयांवर सगळी गाडी बसते त्या. बंदरावर ती गाडी पाच वर्षं खाऱ्या पाण्यातून फिरली होती. पंधरा दिवसांपूर्वी मी निव्वळ कुतूहलाने खाली शिरून हातोडीने तुळया ठोकल्या होत्या. पुढे खणखणीत आवाज आला. मधल्या भागात, ड्रायव्हरच्या सीटच्या मागे, ओल्या पुठ्ठ्यासारखा. तिथे स्क्रू ड्रायव्हर टेकवला तर तो आत गेला. मी वर येऊन काकांना मोठ्या उत्साहाने सांगितलं. काका म्हणाले, बरं झालं सांगितलंस.

त्याच आठवड्यात जेवताना त्यांनी चेंदणीचा कुणी दामाजी येणार असल्याचं सांगितलं. तेव्हा मी आणखी एक गोष्ट सांगितली. कोळीवाड्यातल्या बर्फाच्या कारखान्यात पाइप मोजायला मी जात असे. तिथे काठावर ओढलेल्या होड्या बघताना माझ्या लक्षात आलं होतं की ही माणसं होडीची किंमत तिच्या पोटावरून करतात. तळाला जाड, सलग, ताजं डांबर असेल तर मालक जपणारा. डांबर जुनं, भेगाळलेलं असेल तर होडी पुढून कितीही रंगवलेली असो, तिच्याकडे कुणी बघत नाही. मला ते गमतीचं वाटलं होतं. काकांनी चमचा खाली ठेवला आणि डांबर किती जाड लावतात ते विचारलं. मी बोटाने दाखवलं.

दुसऱ्या दिवशी एक माणूस दोन डबे घेऊन आला.

मोरू गाडी चालवून आल्यावर दामाजी पुन्हा एकदा गाडीखाली जाऊन आला, तेव्हा त्याचा चेहरा उजळला होता. बोटांची टोकं काळी झाली होती आणि तो ती हुंगत होता. त्याने मोरूला सांगितलं की साहेबांनी गाडी होडीसारखी ठेवली आहे. मग त्याने मला ओळखलं. बर्फाच्या कारखान्यात मशीन घेऊन येणारी बाय हीच, असं म्हणून त्याने काकांकडे वळून विचारलं, बायने एकदा मशीन लावलं तर चालेल का.

मला वाटलं काका टाळतील. ते म्हणाले, "उत्तरा, आण ना तुझं मशीन. त्यांची खात्री होऊ दे."

मशीन त्या दिवशी घरीच होतं. सोमवारी ते घेऊन परस्पर एका कंपनीत जायचं होतं. मी ते आणलं, ग्रीसची डबी आणली आणि गाडीखाली आडवी झाले. दामाजी शेजारी आडवा झाला. मोजायचं तर आधी पत्रा उघडा करायला हवा. मी पातं काढून मधल्या भागातलं डांबर खरवडायला घेतलं. नाण्याएवढी जागा पुरली असती. ती उघडी झाली असती तर मला तोंडाने काहीच सांगावं लागलं नसतं.

दामाजीने माझं मनगट धरलं.

"नको बाय. ताजा डांबर हाय, त्याला खरवडू नको. माझे होरीला कोनी असा हात लावला असता, त मी त्याशी जल्मात बोललू नसतू. वरूनच लाव."

बाहेर काकांचे पाय दिसत होते. ते स्थिर होते. मी ग्रीस लावलं आणि मशीनचं टोक डांबरावर टेकवलं.

आवाजाची लहर पोलादात धावते तशी डांबरात धावत नाही. तिथे ती रेंगाळते. मशीनला ते कळत नाही. जितका वेळ लागला तितकं पोलाद, एवढाच त्याचा हिशेब. आकडा उमटला सहा पूर्णांक दोन. ही तुळई कारखान्यातून नवीकोरी निघाली तेव्हाही चार मिलिमीटरपेक्षा जाड नव्हती. पाच वर्षं खारं पाणी खाऊन पोलाद जाड होत नाही.

"किती?" काकांनी वरून विचारलं.

"सहा पूर्णांक दोन," मी म्हणाले.

"आणि बॉयलरला किती लागतं गं? त्यांना सांग."

मी सांगितलं की लहान बॉयलरला सहा चालतं. हेही खरं होतं. दामाजी झोपल्या झोपल्याच हसला आणि त्याने तुळईवर हलकेच थाप मारली. त्याच संध्याकाळी गाडी गेली. जाताना त्याने काकांच्या पायांना हात लावला. काकांनी त्याला मध्येच उठवलं आणि पाठीवर हात ठेवून म्हणाले, "जपून वापरा हो, माझ्या मुलीसारखी आहे."

रात्री जेवताना काका मला म्हणाले की मी एकही शब्द खोटा बोलले नाही, हे त्यांना फार आवडलं.

गाडी अकरा दिवस चालली. बाराव्या दिवशी, ओहोटीला, बाळकुमच्या पलीकडच्या चिखलात तिची पाठ मोडली. मोजणीवाले उतरून काठाकाठाने चालत परत गेले. मोरूने दोर आणायला धाव घेतली. दामाजी गाडीजवळ थांबला. भरती किती वाजता येणार आणि पाणी कुठवर चढणार हे त्याला कंत्राटदाराच्या सगळ्या माणसांपेक्षा चांगलं माहीत होतं, त्यामुळे त्याने कुणाला घाई केली नाही. पाणी आलं, चाकं गेली, दारं गेली, चामड्याच्या सीटा गेल्या. कंत्राटदाराने दुसऱ्याच दिवशी दुसरी गाडी लावली. हे मला बर्फाच्या कारखान्यात कळलं. हेही कळलं की दामाजी आता आपल्याच विकलेल्या होडीवर, नव्या मालकाच्या हाताखाली, जाळं ओढतो. शेठ म्हणून अजूनही त्याला हाक मारतात.

महिन्याभराने तो वागळे इस्टेटमध्ये लॅबचा जिना चढून आला. हातात पेपरात गुंडाळलेला तुळईचा तुकडा होता. डांबर त्याने रॉकेलने पुसून काढलं होतं, पत्रा घासून स्वच्छ केला होता. मला जसा लागतो तसा.

"आता लाव," तो म्हणाला.

मी लावलं. एक पूर्णांक एक.

त्याने आकडा स्वतः वाकून पाहिला. "तवा सहा कशी आली?"

मी समजावून सांगितलं. पोलाद, डांबर, लहरीचा वेग. मला समजावता चांगलं येतं. तो मध्ये मध्ये मान हलवत होता आणि शेवटी त्याला सगळं समजलं.

"मी गावान सगल्यांना सांगतंय, बायची चूक नाय. बाय खरवडत होती, मीच हात धरला." मग म्हणाला, "म्हंजे तुला तवाच ठाव होता."

"हो," मी म्हणाले.

तो ओरडला असता तर मला बरं वाटलं असतं. त्याने एवढंच मागितलं की हा आकडा लॅबच्या कागदावर लिहून, सही-शिक्क्यानिशी द्यावा. एक वकील म्हणाला होता की कागद असेल तर ताम्हाणे साहेबांना गाडी परत घ्यायला लावता येईल, निदान होडी परत घेण्यापुरते पैसे तरी मिळवता येतील.

लॅबच्या नियमाप्रमाणे, गिऱ्हाइकाने स्वतः कापून आणलेल्या नमुन्याचा अहवाल देता येतो. फक्त तुकडा आणलेला आहे, आम्ही जागेवर घेतलेला नाही, एवढी ओळ त्यात टाकावी लागते. मी त्याला सांगितलं की देता येत नाही. तुकडा कुठल्या गाडीचा, याचा पुरावा नाही, असं कारण सांगितलं. आवाज माझा शांत होता, आणि बोलता बोलता मला ते पटतही गेलं.

दामाजीने वाद घातला नाही. शिकलेल्या माणसाने नाही म्हटलं की नाही. त्याने विचारलं, बाय, अजून दोन ठिकाणी लावशील का. मी लावलं. एक पूर्णांक शून्य. एक पूर्णांक एक. त्याने तुकड्यावरचं ग्रीस पुसलं, तो पुन्हा पेपरात गुंडाळला आणि काखेत धरला.

जिना उतरताना तो तिन्ही आकडे पुन्हा पुन्हा पुटपुटत होता, वकिलाला सांगताना चुकू नयेत म्हणून.